बाहेर कुठून यायचं

शिल्पाला सुयश आवडला नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. धाकट्या बहिणीने, मालविकाने, आजवर घरी आणलेला एकही माणूस तिला आवडला नव्हता. एक जण जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवायचा. एकाला 'बेसिकली' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नसे. तिसऱ्याचा तर गळ्यातला स्कार्फ पाहूनच तिने निकाल लावला होता. शिल्पा लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. लोकांच्या शरीराचे पातळ काप काचेखाली धरायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचं, हे तिचं काम. घरी आल्यावरही ते ती थांबवत नाही, असं तिचा नवरा विनय एकदा म्हणाला होता. एकदाच.

मालविका तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पुण्याहून वर्क परमिटवर आली आणि रीडिंग शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुळली. सुयश तिथेच फायनान्समध्ये होता, मूळचा पार्ल्याचा. दोघांचं लग्न डिसेंबरात पुण्यात ठरलं होतं. त्याआधी सप्टेंबरात माल्टाशेजारच्या गोझो बेटावर जाऊन तिघांनी मिळून डायव्हिंग करावं, ही कल्पना सुयशची. शिल्पा गेली काही वर्षं लीड्सच्या एका क्लबाबरोबर डायव्हिंग करत होती, हे त्याने ऐकलं होतं. "ताईंशी बाँडिंग होईल," असं तो मालविकाला म्हणाला आणि मालविकाने ते भोळेपणाने फोनवर सांगितलं. बाँडिंग या शब्दासाठी शिल्पाने त्याला भेटण्याआधीच नापास केलं.

जून महिना होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू असल्याने गल्लीतल्या गाड्यांवर इंग्लंडचे झेंडे फडफडत होते. एका शनिवारी दुपारच्या ट्रेनने मालविका आणि सुयश लीड्सला आले. जेवण विनयने केलं होतं. जेवणानंतर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले पाकिस्तानी आंबे कापले आणि सुयशने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"ही जागा बघा, ताई. बेटाच्या वायव्य टोकाला. गाडी थेट खडकापर्यंत जाते. इथून जंप, खाली सरळ भिंत, आणि ही कमान. पाणी बघा, काचेसारखं. डायरेक्ट तीस मीटरला जायचं, कमानीखाली फोटो काढायचे, परत यायचं."

"परत कुठे?"

"इथेच."

शिल्पाने फोटोत वाकून पाहिलं. पिवळट खडकाचा एक सपाट कट्टा पाण्याच्या वर कमरेएवढा उचललेला होता, त्याला गंजकी लोखंडी शिडी लावलेली. कट्ट्याची कड करवतीच्या दातांसारखी होती.

"या शिडीवरून?"

"हो. सोय आहे ना."

"पाठीवर टाकी आणि खालून लाट येतेय, अशा वेळी शिडी चढलायत कधी तुम्ही?"

तिने त्याला मुद्दाम 'तुम्ही' म्हटलं. होणाऱ्या मेव्हण्याला कुणी तुम्ही म्हणत नाही. मालविकाने मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

सुयश हसला. तो छान हसायचा आणि तेही शिल्पाला खटकलं. "ताई, हे मेडिटरेनियन आहे. तुमचा नॉर्थ सी नाही. तिथे लाटा नसतात. स्विमिंग पूल आहे तो."

"वायव्येचा वारा सुटला की तो स्विमिंग पूल या कट्ट्यावर आपटतो. किनारा वायव्येला आहे, असं आत्ता तुम्हीच म्हणालात."

"सप्टेंबरात वेदर मस्त असतं."

"आपण खाली असताना वारा फिरला, तर बाहेर कुठून यायचं?"

"तेव्हा बघू. गाइड असतातच तिथे."

"गाइड घेतलाय?"

"नाही. गाइड असला की मजा जाते. नुसत्या टाक्या भाड्याने घेऊ."

"हवा किती उरली की मागे वळायचं?"

"मनगटावरचा कॉम्प्युटर बीप करतो ना, ताई."

शिल्पाने हळूच श्वास सोडला. सुयशच्या नावावर बऱ्याच डाइव्ह होत्या, पण सगळ्या मालदीव आणि इजिप्तमधल्या, बोटीवरून. तिथे दुसरं कुणीतरी टाकी जोडून देतं, दुसरं कुणीतरी पुढे पोहतं आणि शेवटी दोघे जण दंडाला धरून बोटीत ओढून घेतात. या माणसाने डायव्हिंग केलंच नव्हतं. त्याला पोस्टाच्या पार्सलसारखं पाण्यात पाठवून परत मागवलं होतं. ती स्वतः पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींमध्ये शिकली होती. तिथल्या थंडीत ओठ बधिर होत आणि त्या गढूळ पाण्यात स्वतःचा पंजा दिसला तरी क्लबातली माणसं दिवस चांगला गेला म्हणत. त्या माणसांनाही ती फारसं मानत नव्हती, पण बाहेर कुठून यायचं हे ठरल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणी पाण्यात उतरत नसे.

विनय आंब्याच्या फोडींची बशी घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "नकाशा जरा मोठा करता येईल का? दक्षिणेच्या अंगाला एक खाचेसारखं दिसतंय. कदाचित तिथून..."

"विनय," शिल्पा वळूनही न बघता म्हणाली, "तुला गुडघाभर पाण्यात तरी पोहता येतं का?"

विनयने बशी टेबलावर ठेवली आणि तो सिंककडे गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सुयश क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने पुढचा फोटो लावला.

थोड्या वेळाने विनय परत येऊन बसला. मालविका चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली, तशी शिल्पा तिच्यामागे गेली. "तुझे कान कसे आहेत? मागे विमानात त्रास झाला होता."

"पूलमध्ये ट्रेनिंगला थोडे दुखले. सुयश म्हणाला, डाइव्हच्या आधी सर्दीची गोळी घ्यायची, कान मोकळे होतात."

"आणि गोळीचा असर तळाशी असताना उतरला तर?"

मालविकाने कपाटातून कप काढला.

"तर वर येताना हवा कानात अडकते. वर तर यावंच लागतं, टाकी संपत असते. मग पडदा फाटतो. पाण्यात गरगरायला लागतं, वर कुठे, खाली कुठे कळत नाही. हे त्याने सांगितलं?"

"ताई, तू हळू बोल."

"तो गाढव आहे, माऊ. देखणा आहे, कपडे चांगले घालतो, पण गाढव आहे."

मालविकाने कप खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. "आधीचा स्कार्फवाला गाढव होता. त्याच्या आधीचा बैल होता. तुझे बॉस मूर्ख, शेजारी अडाणी, भाऊजी तर काय, घरातलं फर्निचर. तू सगळ्यांनाच नापास करतेस, ताई. मग खरा नापास कोण आहे, ते मला कसं कळायचं?"

शिल्पाचा राग आणखी वाढला. ती तशीच बाहेरच्या खोलीत आली.

"मी येत नाही," ती सुयशला म्हणाली. "या प्लॅनवर मी पाण्यात उतरणार नाही. हा प्लॅन नाहीच. ही ट्रॅव्हल कंपनीची जाहिरात आहे."

सुयशने लॅपटॉप मिटला. "तुमची मर्जी, ताई," तो म्हणाला. निघताना त्याने विनयला आंब्यांबद्दल थँक्स म्हटलं, बाठाही स्वतः कचऱ्यात टाकला. शिल्पाला तोही लाळघोटेपणा वाटला.

विनय त्यांना स्टेशनवर सोडून परत आला. बूट काढता काढता म्हणाला, "प्लॅन चुकीचाच होता त्याचा."

"मग तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

"उघडलं होतं," विनय म्हणाला आणि गवत कापायचं यंत्र काढायला मागच्या शेडकडे गेला.

पुढचे दोन-तीन महिने बहिणींचं बोलणं कामापुरतं झालं. लग्नाचा हॉल, आईची गुडघेदुखी, व्हिसा. निघायच्या आठवड्यात शिल्पाने एक छोटा ईमेल पाठवला, वायव्येचा वारा असेल तर पाण्यात उतरू नकोस आणि गोळी घेऊन तर मुळीच नकोस, एवढाच. 'ओके ताई' असं उत्तर आलं.

गोझोहून मालविका मँचेस्टरला उतरली आणि तशीच ट्रेनने लीड्सला आली. एकटीच. सुयश गॅटविकच्या फ्लाइटने परस्पर गेला होता. नाकाचं साल निघालेलं, केस मिठाने राठ झालेले, आणि बसण्यात काहीतरी नवा तोरा होता. विनयने पिठलं-भात केला होता. ती दोन घास खाऊन लगेच सांगायला लागली.

"पहिला दिवस बरा गेला. गोळी घेतली नाही मी. दोरीला धरून हळूहळू उतरले, कान मोकळे झाले. साहेब खाली जाऊन घड्याळ दाखवतायत मला. दुसऱ्या दिवशी उठलो तर वारा. वायव्येचाच. टाक्या देणारा म्हातारा म्हणाला, आज नको, उद्या या. तर हा काय म्हणाला माहितेय? 'वी आर ऑन हॉलिडे.' म्हाताऱ्याने याच्याकडे असं बघितलं ना, ताई. तू बघतेस तसं."

"मग?" शिल्पाने विचारलं.

"मग काय. गेलो त्या खडकावर. पाणी कट्ट्यावर येऊन परत जात होतं, शिडी दिसत होती, नाहीशी होत होती. मी म्हटलं, मी उतरणार नाही. टाकी काढली आणि बसले गाडीपाशी. मला वाटलं हा पण थांबेल. तर तिथे एक जर्मन आला होता, त्याच्याबरोबर याने उडी मारली. मला अंगठा दाखवून."

विनयचा हात ताटात थांबला होता.

"तास झाला, दीड तास झाला, पत्ता नाही. मी म्हाताऱ्याला फोन केला. तो बोट काढायला निघणार, एवढ्यात लांबून रस्त्याने दोघं चालत येताना दिसले. यांना कट्ट्यावर चढताच आलं नाही. दोनदा शिडी धरली, दोनदा लाटेने खडकावर आपटलं. शेवटी तो जर्मन याला ओढत टोकाला वळसा घालून दक्षिणेच्या खाचेत घेऊन गेला. पायाची एक फिन हरवलेली, दोन्ही गुडघे सोललेले, पाठीवर टाकी आणि पायात ते रबरी मोजे. आणि चाल कशी, तर अशी."

ती उठली आणि तिने दाखवलं. पाय फाकवून, खांदे पाडून, तोंड उघडं टाकून ती दिवाणखान्यात चार पावलं चालली. नक्कल अचूक होती. सुयश डोळ्यांपुढे उभा राहिला. विनयला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं.

शिल्पाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तिचा शब्द न् शब्द खरा ठरला होता. वारा, शिडी. दक्षिणेची खाच तेवढी विनयने दाखवली होती. पण मालविकाचा वरचा ओठ एका बाजूला किंचित उचलला गेला होता. आईला फोनवर विनयच्या गोष्टी सांगताना आपला ओठ तसाच होतो, हे शिल्पाला एकदा हॉलमधल्या आरशात दिसलं होतं.

"लागलंय का बरंच?" विनयने विचारलं.

"सोललंय हो, भाऊजी. मेला नाही." मालविका परत बसली. "रात्री हॉटेलात रडला. लहान मुलासारखा. म्हणे, मला वाटलं आता संपलं, तू दिसणार नाहीस परत. मला हात धर म्हणाला."

"मग तू काय केलंस?" शिल्पाने विचारलं.

"मी काय करणार? टीव्ही लावला."

विनयने ताटं गोळा केली आणि तो आत गेला.

"लग्नाचं काय?" शिल्पा म्हणाली.

"काय म्हणजे? हॉल बुक आहे. करणार." मालविकाने लोणच्याची फोड बोटाने उचलली. "उलट आता बरंच आहे. आता याला काही बोलायला तोंड नाही. मी सांगेन ते ऐकेल मुकाट्याने. भाऊजी ऐकतात ना तुझं, तसं."

"करू नकोस," शिल्पा म्हणाली.

"काय?"

"लग्न करू नकोस त्याच्याशी."

मालविका हसली. "आत्ता? जूनमध्ये तो गाढव होता तेव्हा मी ऐकलं नाही, आणि आता मला पटलंय की तो गाढव आहे, तर तू..."

"तो गाढव आहे म्हणून नाही म्हणत मी. तू ज्याच्याबद्दल असं बोलतेयस, त्या माणसाबरोबर तू राहशील कशी? आणि तो तुझ्याबरोबर?"

"तू राहतेस की."

हे मालविका सहज म्हणाली. टोमणासुद्धा नव्हता त्यात. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, त्यामुळे विनयला ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. शिल्पाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालविका रीडिंगला गेली.

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. विनय इस्त्री करत होता, म्हणून शिल्पाने उचलला.

"ताई, सुयश बोलतोय. पाच मिनिटं आहेत का?"

"बोला."

"मी लग्न मोडलंय. काल मालविकाला सांगितलं. तिच्याकडून तुम्हाला कळेलच, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून फोन केला."

शिल्पा स्टुलावर बसली. "कारण?"

"वाऱ्याबद्दल तुम्ही बरोबर होतात. मी मूर्खपणा केला, मरता मरता वाचलो, आणि तिला तिथे खडकावर एकटीला ठेवून गेलो. हे मी तिला खूप वेळा सांगितलं. माफी मागितली. ते मला जड गेलं नाही. खरंच चुकलो होतो. पण आता गाडी पार्क करताना गोझो निघतं. भात चिकट झाला तर गोझो निघतं. मित्रांसमोर ती माझी चाल करून दाखवते. चूक केली तर माणूस निस्तरू शकतो, ताई. पण माझ्याकडे बघताना तिचा ओठ जो वाकडा होतो, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. हे आणखी तीस-चाळीस वर्षं मला जमणार नाही."

"आधी ती अशी नव्हती."

"नव्हती. तसा ओठ मी आधी तुमच्या घरी बघितला होता. भाऊजींनी नकाशा मोठा करायला सांगितला तेव्हा."

एरवी कुणी असं बोललं असतं तर शिल्पाने एका वाक्यात त्याचा निकाल लावला असता. तिच्याकडे वाक्यं तयारच असत. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि लाचारीही नव्हती. या माणसात एवढा कणा असेल हे तिला दिसलं नव्हतं, आणि माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं ती आयुष्यभर समजत आली होती.

"आईला कोण सांगणार?" तिने विचारलं.

"मीच सांगतो. आज संध्याकाळी फोन करतोय त्यांना. हॉलवाल्यांशीही मीच बोलेन."

"बरं."

"ठेवतो, ताई. भाऊजींना नमस्कार सांगा."

अर्ध्या तासाने मालविकाचा फोन आला. ती रडत नव्हती. "पळपुटा," ती म्हणाली. "शेवटी पळपुटाच निघाला. तू म्हणत होतीसच."

"मी तसं म्हटलं नव्हतं, माऊ. आणि तो पळपुटा नाही."

"म्हणजे तू त्याच्या बाजूने?"

"त्याने मला स्वतः फोन केला. आईलाही करतोय. पळपुटा माणूस असं करत नाही."

मग मालविका म्हणाली, "तुझं काही खरं नाही, ताई," आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर संक्रांतीपर्यंत तिने फोन केला नाही. केला तेव्हाही सुयशचा विषय निघाला नाही.

त्या दुपारी मालविकाने फोन ठेवला तेव्हा विनयची इस्त्री संपत आली होती. शर्टांची चळत खुर्चीवर होती, त्यातले बहुतेक शिल्पाचे. "काय झालं?" त्याने विचारलं.

शिल्पाने सांगितलं. सुयशचं ओठाबद्दलचं वाक्य ती गाळणार होती, पण गाळलं नाही. तेही सांगितलं.

विनयने शेवटच्या शर्टाची बाही सरळ केली. "बरं केलं त्याने," तो म्हणाला.

शिल्पा त्याच्याकडे बघत राहिली. कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात नोकरी करणारा, टक्कल पडत चाललेला, तिच्या प्रत्येक डाइव्हला गाडीत थर्मास घेऊन थांबणारा हा माणूस. त्या गाडीत बसून तो इतकी वर्षं काय विचार करत असेल, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला.

"तुला कधी वाटलं होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"मोडावं असं."

विनयने इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली. तो उत्तर टाळतोय असं तिला वाटलं, पण तो आठवत होता.

"वाटलं होतं," तो म्हणाला. "सुरुवातीला बऱ्याचदा. मग सवय झाली."

यापुढे तो काहीतरी म्हणेल म्हणून शिल्पा थांबली. त्याने शर्ट उचलले आणि ते हँगरला लावायला घेतले.

"चहा करते मी," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. रोजचा चहा विनय करायचा. चहाचा डबा वरच्या फळीवर नव्हता. तिने बाजूचं कपाट उघडलं, मग त्याच्या खालचं. विनय शर्ट घेऊन दारात आला होता. डबा कुठे आहे हे त्याने सांगितलं नाही. ती शोधत असताना तो तिथेच उभा राहिला.